गाडी नसलेल्यांचा पिक्चर



या अंकासाठी माझ्याकडून कविता मागितली होती. कविता झाली नाही. सांगायचं होतं ते ओळीत मावंना. म्हणून जसं घडलं तसं लिहून पाठवतोय. शुद्धलेखन दुरुस्त करून घ्या. माणसांच्या तोंडचं बोलणं मात्र दुरुस्त करू नका.

मी वसमत तालुक्यातल्या एका जिनिंगमध्ये कामाला आहे. दिवाळीच्या पुढंमागं कापूस यायला लागला की मशिनी सुरू होतात आणि ऊन तापेस्तोवर चालतात. सरकी एकीकडं, रुई एकीकडं. रुई दाबून गाठ करायची, पट्ट्या आवळायच्या, ट्रकमध्ये चढवायची. एक गाठ पावणेदोन क्विंटलच्या आसपास भरते. नाकात रुई, डोळ्यात रुई, भाकरीच्या डब्यात रुई. रात्री खोकलो की माय म्हणते, "छातीत गादी भरायलास का रे?" हे सांगतोय ते एवढ्यासाठी की पुढं एक चादर येणार आहे, आणि चादर कापसाचीच असते.

२०२२ च्या डिसेंबरात मुकादमाला म्हणलं, चार दिवस येत नाही, मुंबईला जायचंय. तो म्हणला, "दरसाल डिसेंबरातच कसं मरतंय रे तुमचं कोणी?" बाजूचे चौघं हसले. मी काही बोललो नाही. हजेरीची वही त्याच्या हातात असते. हे आधीच कबूल करून ठेवतो, कारण पुढं मी दुसऱ्याला लई शिकवणार आहे.

कोरोनामुळं २०२० आणि २०२१ ही दोन सालं सरकारनं घरूनच अभिवादन करा म्हणून सांगितलं होतं. त्यामुळं २०२२ ला माणूस तुटून पडला. पूर्णा स्टेशनातून आम्ही गाडीत चढलो तेव्हा पाय टेकायला जागा नव्हती. संडासाच्या दारापर्यंत माणसं. एका म्हातारीनं माझ्या पायावर आपलं गाठोडं ठेवलं, गाठोड्यावर डोकं ठेवलं आणि झोपली. मनमाड गेलं, नाशिक गेलं. पायाला मुंग्या आल्या तरी मी पाय हलवला नाही. ती कुठली, कोणाची, काही माहीत नाही. विचारलंही नाही. आपल्या डब्यात असं विचारावं लागत नाही.

रांगेत उभं राहून चैत्यभूमीचं दर्शन घेतलं. शिवाजी पार्कात पुस्तकं घेतली. पैसे संपले तेव्हा मामाकडं गेलो.

मामा १९७२ च्या दुष्काळात माझ्या आज्यासोबत मुंबईला आलेला. तेव्हा तो दहा-अकरा वर्षांचा होता. वांद्र्याच्या पूर्वेला, मिठी नदीच्या बाजूच्या दलदलीत त्यांनी झोपडी घातली. आज तिथं वांद्रे-कुर्ला संकुल आहे. काचेच्या इमारती आहेत. मामा म्हणतो, तेव्हा चिखल, तिवरं आणि डास, एवढंच होतं. त्याच भागात सत्तरच्या दशकात ड्राइव्ह-इन थेटर निघालं. उघड्या मैदानात भला थोरला पडदा आणि समोर रांगेनं गाड्या. गाडीत बसून पिक्चर बघायचा. खाली उतरायचं काम नाही.

मामा सांगत होता, "आमच्या पत्र्यावरून पडदा दिसायचा. तिरपा दिसायचा. हिरो लांबोडका व्हायचा. पण फुकट. आवाज तेवढा येत नव्हता. आवाज गाडीवाल्यांचा. मग आम्हीच बोलायचो."

चार पोरं पत्र्यावर बसायची. एकजण हिरोचं बोलायचा, एकजण हिरवीणीचं, एकजण हिरोच्या मायचं. मामा व्हिलन. "मला म्युनिसिपालटीच्या सायबासारखं बोलता यायचं, म्हणून मी व्हिलन," मामा म्हणला. पडद्यावर ओठ हलले की पत्र्यावरून डायलॉग. खरा पिक्चर काय असायचा ते कोणाला ठावं? यांच्या पिक्चरात मात्र व्हिलन दरवेळी झोपड्या तोडायला यायचा, आणि हिरो त्याला चिखलात लोळवायचा.

पुढं या शतकाच्या सुरुवातीला ते थेटर बंद पडलं. त्याच्या आधीच मामाची झोपडी उठली होती. इतकी सालं पिक्चर बघितले, पण गेटच्या आत मामाचा पाय एकदाही पडला नाही.

आता याच संकुलात, जिओ वर्ल्ड ड्राइव्ह नावाच्या मॉलच्या गच्चीवर, २०२१ च्या नोव्हेंबरात पुन्हा एक ड्राइव्ह-इन थेटर सुरू झालं. २९० गाड्यांची जागा. जुन्या पद्धतीचंच. तोच पडदा, त्याच गाड्या, तेच आभाळ. फक्त जमीन वर गेली. मामाचा पोरगा एका घरी ड्रायव्हर आहे. मालकाच्या लेकरांना घेऊन तो तिथं दोनदा जाऊन आला होता. मी विचारलं, "कसं हाय रे?" तो म्हणला, "मी कुठं बघितलं? गाडी लावायची आणि खाली जाऊन थांबायचं. पिक्चर सुटला की फोन येतो."

म्हणजे बापानं बाहेरून बिनआवाजाचा बघितला. पोरगा गाडी आत नेतो आणि त्याला तेवढंही दिसत नाही. याला प्रगती म्हणायचं का अधोगती, तुम्हीच सांगा.

तर त्या आठवड्यात मालकाच्या घरी तिकीट काढलेलं आणि धाकट्या लेकराला ताप आला. मालकीण बाई स्वभावानं वाईट नसावी. तिनंच म्हणलं, "तिकीट वाया जाईल, तूच जा. घरच्यांना दाखव." मामेभाऊ खूश झाला. म्हणला, "माझा आतेभाऊ आलाय गावावरनं. सहा डिसेंबरला आला होता. त्याला आणि पप्पांना नेतो." बाई जरा थांबली. मग आत गेली आणि एक पांढरी चादर घेऊन आली. "मागच्या सीटवर टाक. आणि ती परत आणू नकोस, राहू दे तुमच्याकडेच."

हे त्यानं मला गाडीपाशी आल्यावर सांगितलं. हसत सांगितलं. चादर टाकूनही झाली होती. कोपरे बरोबर दाबलेले. सीटचा एक इंचभर भाग उघडा नव्हता.

माझं डोकं फिरलं. मी म्हणलं, "काढ ती."

"दादा, राहू दे."

"काढ म्हणलं ना! कशासाठी टाकली ते कळत नाही का तुला? आपण येणार म्हणल्यावर चादर! आणि वर परत आणू नको!"

"धूळ असते म्हणून टाकली असंल."

"त्यांच्या पाहुण्याला धूळ नसते का?"

तो खाली मान घालून म्हणला, "दादा, तू चार दिवसांनी जाशील. कविता लिहिशील याच्यावर. खोलीचं भाडं मला भरायचंय. गाडीत क्यामेरा हाय."

मी गप्प झालो. मला माझा मुकादम आठवला. तुमचं कोणी मरतंय का रे म्हणला तेव्हा मी कुठं तोंड उघडलं होतं? हजेरीच्या वहीपुढं मी मुका, भाड्यापुढं तो मुका. मग मी कोणत्या तोंडानं त्याला बाबासाहेब सांगायचे?

पण एक गोष्ट डोक्यातून जाईना. ती चादर सुती होती. हात लावल्याबरोबर कळलं. मी ज्या रुईच्या गाठी आवळतो, त्या जातात सूतगिरणीत. तिथून सूत, सुतापासून कापड, कापडाची चादर. माझ्या हातातून, माझ्या खोकल्यातून गेलेला कापूस चालतो. त्याची चादर बाईच्या कपाटात राहते, तिच्या अंगाखाली राहते. आणि तीच चादर माझ्यापासून सीट वाचवायला काढतात! मुंबईच्या गिरण्यांत हेच होतं. विणकाम खात्यात आपल्या माणसाला घेत नव्हते. कारण धोट्यातून धागा तोंडानं ओढून घ्यावा लागायचा आणि आपल्या तोंडचा धागा बाकीच्यांना चालत नव्हता. पगार जास्त त्या खात्यात, म्हणून विटाळही त्याच खात्यात. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला होता. गिरण्या गेल्या. धागा अजून तसाच आहे.

मामा सगळं ऐकत उभा होता. तो काही बोलला नाही. दार उघडलं आणि मागं चादरीवर मालकासारखा ऐसपैस बसला. "चला रे," म्हणला. "पिक्चर सुरू व्हईल. पन्नास वर्सं थांबलोय मी."

मी पुढं बसलो, भावाच्या बाजूला. गेटवर वॉचमननं सलाम ठोकला. तिघांपैकी कोणाला, ते कळलं नाही. मामा मागून म्हणला, "गाडीला."

आपल्या माणसाचा आणि गाडीचा हा जुना हिशेब आहे. १९०१ साली लहानगा भिवा बापाला भेटायला निघाला आणि मसूर स्टेशनवर उतरला. जात कळल्यावर दुप्पट भाडं देतो म्हणलं तरी बैलगाडीवाले बसवून घेईनात. शेवटी ठरलं काय? गाडी पोरांनी हाकायची आणि गाडीवाल्यानं पायी चालायचं. १९२९ ला तेच पोरगं बॅरिस्टर होऊन चाळीसगावला उतरलं. तरी टांगेवाला टांगा हाकायला तयार नाही. वस्तीतल्या माणसानं टांगा भाड्यानं मिळवला आणि कधी लगाम न धरलेल्या आपल्याच माणसानं तो हाकला. पुलावर चाक अडकलं, बाबासाहेब दगडावर फेकले गेले. पाय मोडला. म्हणजे गाडी मिळते, पण तिच्यात बसायचं कोणी, हाकायची कोणी, आणि सोबत बसून विटाळायचं कोणी, हे आधीच ठरलेलं असतं. माझा भाऊ आज उत्तम गाडी हाकतो. त्याला सीटबेल्ट लागतो. पण आपल्या बापाला मागं बसवायला त्याला चादर लागली.

आत गाड्या रांगेत लागल्या होत्या. प्रत्येक गाडीत मधे मोकळी जागा. आवाज गाडीच्या रेडिओवर यायचा. भावानं नंबर लावला, काचा वर घेतल्या, एसी लावला. पडदा मोठा होता. पिक्चर कोणता होता ते सोडा, मारामारीचा होता. दहा-पंधरा मिनिटं आम्ही तिघं बघत राहिलो. हिरोच्या दोस्तानं काहीतरी गंमत केली आणि मामा मोठ्यानं हसला. हसून झाल्यावर त्यानं इकडंतिकडं बघितलं.

"काच खाली घे रे."

"पप्पा, एसी चालूय."

"घे म्हणलं ना."

काच खाली आली. बाहेरून काहीच ऐकू आलं नाही. शेकडो माणसं बसलेली आणि चिडीचूप. सगळ्यांच्या काचा बंद. मामा म्हणला, "एवढी माणसं हायेत आन् हसायला कोणी न्हाई? का हसतेत आन् आपल्याला ऐकू देत न्हाईत?"

मला तिथं माझ्या बापाची गोष्ट आठवली.

आमच्याकडं जत्रेत टुरिंग टॉकीज यायची. ट्रकमध्ये मशीन, जनरेटर, आणि भला मोठा तंबू. भोंग्यावर पुकारा व्हायचा. बायका एका बाजूला, गडी एका बाजूला, मधी दोर. बूड टेकायला माती. मागून मशीनचा खडखडाट आणि उजेडाच्या पट्ट्यात बिडीचा धूर. १९८० च्या पुढचं साल. बाप दहा-बारा वर्षांचा. नामांतरासाठी मराठवाडा पेटला, वस्त्या जाळल्या, त्या १९७८ ला फार दिवस झाले नव्हते. आज्या त्याला जत्रेत जाऊ देत नव्हता. तो चोरून गेला.

अंधारात जागा मिळाली तिथं बसला. शेजारी गावातलाच एक मोठा माणूस, त्याला हा दिसला नाही, याला तो दिसला नाही. पिक्चर रंगात आला. दोघं सोबत हसले. त्या माणसानं हसता हसता बापाच्या पाठीवर थाप मारली. आपल्या मूठभर फुटाण्यातले चार बापाच्या हातावर ठेवले. बाप सांगतो, "त्या अर्ध्या घंट्यात मी कोणाचा हाय ते मलाबी आठवत नव्हतं."

आणि रीळ तुटलं.

जनरेटरचे दिवे लागले. त्या माणसानं तोंड वळवलं. बापाला ओळखलं. पहिल्यांदा त्यानं आपल्या हाताकडं बघितलं, ज्या हातानं थाप मारली होती. मग त्याच हातानं बापाच्या कानाखाली काढली. फुटाणे मातीत सांडले. चौघांनी बखोटं धरून बाहेर काढलं. तंबूवाल्यानं तिकिटाचे पैसे परत केले नाहीत. बाप तंबूच्या बाहेर कापडाला कान लावून उरलेला पिक्चर ऐकत बसला. मामानं बिनआवाजाचा बघितला, बापानं बिनचित्राचा ऐकला. दोघांचा मिळून आमच्या घरात एक पिक्चर पुरा होतो.

पण एक खरं आहे. त्या तंबूत अर्धा घंटा का होईना, अंधारानं माणसाला माणूस शिवू दिला. तो अर्धा घंटा बाप अजून सांगतो. थप्पड एकदा सांगतो, फुटाणे दहादा सांगतो. आता ते तंबूही गेले. टीव्ही आला, मोबाईल आला, रीळ जाऊन डिजिटल आलं. फिरत्या टॉकीजवाल्यांचे शेवटचे दिवस २०१६ च्या 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' नावाच्या माहितीपटात आहेत. आणि इथं गच्चीवर बघतो तर पद्धत अशी की अंधारही शिवायला नको. रीळ तुटायची भीती नाही, दिवे लागले तरी हरकत नाही. शेजारी कोण आहे याचा प्रश्नच मिटवला. शेजारी माणूस नाहीच, शेजारी दार आहे.

त्या रात्री मामाच्या खोलीत झोप येईना म्हणून हे थेटर काढलं कोणी ते मोबाईलवर वाचलं. अमेरिकेत रिचर्ड हॉलिंग्शेड नावाच्या माणसानं ६ जून १९३३ ला न्यू जर्सीत, कॅमडेनजवळ पहिलं काढलं. पुढं १९५० च्या दशकात तिथं अशी चार हजारांवर थेटरं झाली. गावोगाव गाडी झाली म्हणून झाली. लेकरं रडली तरी चालतात, घरच्या कपड्यावर आलं तरी चालतं, अशी त्याची जाहिरात. चांगली गोष्ट आहे. पण दक्षिणेतल्या राज्यांत काही ठिकाणी काळ्यांच्या गाड्या वेगळ्या भागात लावायच्या, मधी कुंपण. १९६४ चा कायदा होईपर्यंत हा भेद उघडउघड चालला. बघा! माणूस लोखंडाच्या पेटीत बसलाय, काच वर आहे, कोणी कोणाला शिवत नाही, तरीसुद्धा पेटीला रंग आहे. काळ्या पँथरचं नाव घेऊन १९७२ ला आपल्या पोरांनी दलित पँथर काढली ती उगीच नाही. दुखणं एकच होतं, फक्त वेस वेगळी.

कोरोनाच्या साली जगभर ही थेटरं पुन्हा चालू लागली. अंतर ठेवा, शिवू नका, लांबून बोला. सगळे म्हणायचे, काय दिवस आले! आम्ही म्हणलं, या. हे दिवस आमच्याकडं दोन-तीन हजार वर्षं आहेत. तुमचे दोन सालांत गेले, काचा मात्र राहिल्या.

पिक्चर संपायच्या आधी अजून एक झालं, ते सांगायचं राहिलं. मामा अर्ध्या पिक्चरानंतर म्हणला, "आवाज बंद कर." भावानं बंद केला. पडद्यावर व्हिलन कोणाला तरी दम देत होता. मामानं घसा खाकरला आणि सुरू झाला: "ए, कागद हायेत का? कागद दाखवा, नाहीतर उद्या सकाळी बुलडोझर!" साठीचा माणूस, पण आवाज पत्र्यावरच्या पोराचा. भाऊ आधी लाजला. मग त्यानंच हिरोचं बोलायला घेतलं: "कागद न्हाई सायेब, पण चादर हाय. टाकू का?" आम्ही तिघं इतके हसलो की गाडी हलली. शेजारच्या गाडीतून एका लेकरानं काचेला नाक लावून आमच्याकडं बघितलं. त्याच्या मायनं त्याला मागं ओढलं. पण त्यानं हात हलवला होता. मामानंही हलवला.

उतरताना मामानं चादर काढली, नीट घडी केली आणि माझ्या पिशवीत घातली. "परत न्यायची न्हाई म्हणलीय ना बाई? मग ही आपली. गावाकडं ने. पडदा कर."

मी ती आणली. मायनं धुतली, नीळ दिली.

२०२३ च्या १३ एप्रिलच्या रात्री, जयंतीच्या आदल्या दिवशी, वस्तीत दोन लिंबाच्या मधी ती ताणून बांधली. वर्गणी करून वसमतवरून प्रोजेक्टर आणला. 'फँड्री' लावला. नागराज मंजुळेचा, २०१४ साली आलेला. बऱ्याच पोरांनी मोबाईलवर तुकडा तुकडा बघितलेला. पण एकदाच सगळ्यांनी मिळून, लिंबाखाली, ताडपत्रीवर बसून? कधीच नाही. मांगवाड्यातली माणसं आली, दोन घरं वडाराची आली. म्हाताऱ्या पुढं बसल्या. चादर पातळ होती, चित्र दोन्ही बाजूंनी दिसायचं, म्हणून लेकरं पाठीमागून बसली. त्यांना जब्या डावखुरा दिसला असणार.

पिक्चर सुरू होऊन थोडा वेळ झाला आणि रस्त्यावर मोटारसायकली थांबायला लागल्या. गावातली पोरं. एक, दोन, मग सात-आठ. इंजिन बंद केलं, लाईट बंद केले, गाडीवर बसूनच बघत होती. आत कोणी येईना. वस्तीच्या मातीला कोणाचा पाय लागंना.

मला एकदम कळलं. हे ड्राइव्ह-इनच आहे की! यावेळी पडदा आपला, आवाज आपला, आणि ते गाडीवर. एक मन म्हणलं, राहू दे तिथंच. बाहेरून बघणं काय असतं ते कळू दे. दुसरं मन म्हणलं, बापाचे फुटाणे आठव.

आमच्यातली दोघं-तिघं पोरं उठली होती. म्हणाली, "हाकलून लावू का? जयंतीच्या आधी भांडण काढायला आलेत." मी म्हणलं, थांबा. बाप उठला. पन्नाशी ओलांडलेला माणूस. ताडपत्रीची एक कड त्यानं रस्त्याच्या बाजूला ओढली आणि तिथली लेकरं पुढं सरकवली. कोणाला हाक मारली नाही, या म्हणला नाही. तेवढी जागा रिकामी ठेवून परत येऊन बसला.

ती जागा बराच वेळ रिकामीच राहिली.

शेवटी जब्यानं दगड मारला. ज्यांनी बघितलंय त्यांना माहीत आहे, तो दगड पडद्यातून सरळ बघणाऱ्याच्या अंगावर येतो आणि पिक्चर संपतो. मला ती गच्ची आठवली. तिथं हा दगड आला असता तर पुढच्या काचेला लागून खाली पडला असता. इथं काच नव्हती. ताडपत्रीवर कोणी बोललं नाही. रस्त्यावरही कोणी बोललं नाही. मग एकेक किक बसली आणि गाड्या निघून गेल्या.

एक गाडी उभी होती. तिच्यावरचा पोरगा मात्र गाडीवर नव्हता. तो ताडपत्रीच्या कडेला, बापानं ठेवलेल्या जागेत बसला होता. कधी येऊन बसला ते कळलं नाही. चपला बाहेर काढून बसला होता. जवळ गेलो तर ओळखला. जिनिंगमध्ये मुकादमाच्या बोलण्यावर हसणाऱ्या चौघांतला एक. बाप त्याला विचारत होता, "फुटाणे खातो का?"

याच्यावरून क्रांती झाली असं मी म्हणत नाही. दुसऱ्या दिवशी कामावर त्यानं या विषयावर एक शब्द काढला नाही. मीही काढला नाही.

२०२३ च्या डिसेंबरात मी मुकादमाकडं पुन्हा गेलो. चार दिवस येत नाही म्हणलं. त्यानं वहीतून मान वर न करता विचारलं, "यंदा कोण मेलं?" मी म्हणलं, "आमचा बाप. तुम्हाला आठ तासांची पाळी ज्याच्या भांडण्यानं मिळाली त्यातला एक. १९४२ पासून तो मजूर मंत्री होता. दर्शनाला तुम्हीबी चला." आवाज थरथरला माझा, खोटं कशाला सांगू. चार दिवसांची हजेरी गेली ती गेलीच, वर पुढचा आठवडा मला सरकीच्या खड्ड्यावर टाकलं. तिथं धूळ जास्त असते.

पण मी मागं वळून बघितलं होतं. चौघांपैकी दोघंच हसले होते.

भावाला फोनवर हे सांगितलं. तो अजून तीच गाडी चालवतो. म्हणला, "दादा, सीटवर आता मी माझी चादर टाकत नाही. बाईंनी दिली तर बाईंनीच टाकावी म्हणलं. त्यांनी पुन्हा दिली नाही." एवढंच. एवढं बोलायला त्याला सहा महिने लागले. मला मुकादमाशी बोलायला एक साल लागलं. ज्यांना हे थोडं वाटतं त्यांनी हजेरीची वही दुसऱ्याच्या हातात देऊन बघावी.

चादर मायच्या पेटीत आहे. येत्या १३ एप्रिलला पुन्हा लिंबाला बांधणार आहोत. मामा मुंबईहून येतो म्हणालाय. आवाज बंद पडला तर तो आहेच.

तुम्हीही या. गाडी लागत नाही. असलीच तर रस्त्यावर लावा आणि चालत या. जागा ठेवलेली असते.